स्पीड आठ-नऊपट कमी दिसतो? बिघाड शोधण्याआधी भागाकार करा

नेटवर्क सांभाळायचं काम करताना एक तक्रार इतक्या वेळा आली आहे, की पहिली ओळ वाचतानाच पुढचं कळतं. "लाइन शंभर एमबीची आहे, डाउनलोड मात्र अकरा एमबीने होतो. केबल बदलली, राउटर बंद करून चालू केला, काही फरक नाही." काही जणांनी तोवर नवा राउटरही बसवलेला असतो. आणि लाइन पहिल्या दिवसापासून ठणठणीत असते.

पण सगळ्यांना "आठाने भागा" एवढं सांगून मोकळं होता येत नाही. कारण अकराचा हाच आकडा कधीकधी खऱ्या बिघाडाचाही असतो. आकडा तोच, एकदा निर्दोष, एकदा दोषी. हा फरक एककं नीट कळल्याशिवाय ओळखता येत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बोलताना 'बी' एकच, लिहिताना दोन

रोमन लिपीत लहान 'बी' म्हणजे बिट आणि मोठा 'बी' म्हणजे बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतंच, आणि बोलताना तर ते कुठल्याच भाषेत ऐकू येत नाही. फोनवर कोणी "वीस एमबी" म्हणालं, तर तो वीस मेगाबिट म्हणतोय की १६० मेगाबिट, हे कळायला काही मार्ग नाही. म्हणून मी फोनवर आणि मराठीत लिहिताना 'मेगाबिट' किंवा 'मेगाबाइट' असा पूर्ण शब्दच वापरतो, समोरच्यालाही तो वापरायला लावतो. या पोस्टमध्येही तसंच आहे. जिथे फक्त 'मेगाबिट' लिहिलंय, तिथे 'प्रति सेकंद' धरून चला.

आणखी एक खूण. नियमाप्रमाणे 'मेगा'चा 'एम' मोठा असतो. लहान 'एम' म्हणजे मिली, हजारावा भाग. मिलिबिटमध्ये वेग कोणी मोजत नाही, त्यामुळे सगळी अक्षरं लहान दिसली तर लिहिणाऱ्याने अक्षरांकडे लक्ष दिलेलं नाही, एवढं नक्की. मग त्याच्या 'बी'वरही विश्वास ठेवू नका, विचारून घ्या.

तारेवरून बिट एकामागून एक जातात, म्हणून तार सांभाळणारे पहिल्यापासून बिट मोजत आले. डिस्कवर आणि मेमरीत माहिती बाइटच्या गठ्ठ्याने ठेवली जाते, म्हणून फाइलवाले बाइट मोजतात. 'बाइट' हा शब्द वर्नर बुखहोल्ट्झ यांनी १९५६ मध्ये आयबीएमच्या एका संगणकाचं काम चालू असताना काढला. तेव्हा बाइट आठच बिटचा असं ठरलेलं नव्हतं. १९६४ च्या आयबीएमच्याच सिस्टिम ३६० या संगणकानंतर आठ हा आकडा पक्का होत गेला. नेटवर्कच्या जुन्या दस्तऐवजांत 'बाइट'ऐवजी 'ऑक्टेट' (आठ बिटांचा गट) दिसतो तो यामुळेच, म्हणजे आठाबद्दल शंका राहत नाही.

विंडोजवर एकाच स्क्रीनवर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी पाहता येतात. मोठी फाइल नेटवर्कवरून कॉपी करायला लावा आणि टास्क मॅनेजर उघडा. कॉपीच्या खिडकीत वेग मेगाबाइटमध्ये असतो, टास्क मॅनेजरच्या नेटवर्कच्या आलेखात तोच वेग मेगाबिटमध्ये. दोन्ही बरोबर असतात.

हजार की एक हजार चोवीस?

घोडं पेंड खातं ते इथे. आठाने भागायचं आता बऱ्याच जणांना माहीत असतं. ते भागतात, १२.५ उत्तर येतं, आणि मग विचारतात, "१२.५ यायला हवेत, ११.२ च का येतात?"

नेटवर्कमध्ये किलो म्हणजे १,०००, मेगा म्हणजे १०,००,०००. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला बरोबर १०,००,००,००० बिट. त्यात वाद नाही. पण विंडोज फाइलचे बाइट मोजताना १,०२४ च्या पटीने मोजतं, म्हणजे त्याचा एक 'एमबी' १०,४८,५७६ बाइटचा. या १,०२४ च्या पटींसाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ मध्ये किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं ठरवून दिली. विंडोज आजही आकडा मेबीबाइटचा काढतं आणि नाव मेगाबाइटचं लावतं. मॅक २००९ च्या स्नो लेपर्डपासून हजाराच्या पटीने मोजतो. म्हणून १,०७,३७,४१,८२४ बाइटची एकच फाइल विंडोजवर १ जीबी दिसते आणि मॅकवर १.०७ जीबी. फाइल पाठवताना काहीतरी वाढलं, असं वाटून लोक ती पुन्हा पाठवतात. काही वाढलेलं नसतं.

हा फरक एकक मोठं होत जाईल तसा वाढतो. किलोला २.४ टक्के, मेगाला ४.९, गिगाला ७.४, टेराला जवळपास १० टक्के. एक टेराबाइटची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते ती याच हिशेबाने.

तिसरा वाटा पाकिटांचा

पाठवलेला प्रत्येक बिट तुमच्या फाइलचा नसतो. इथरनेटवर, म्हणजे तारेच्या नेटवर्कवर, माहिती १,५०० बाइटच्या पाकिटांत जाते. त्यातले साधारण ५२ बाइट पत्ते आणि क्रमांक अशा आयपी-टीसीपीच्या नोंदींना लागतात, फाइलला उरतात १,४४८. शिवाय प्रत्येक पाकिटाभोवती इथरनेटचा स्वतःचा मजकूर आणि दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागा मिळून ३८ बाइट. म्हणजे तारेवर १,५३८ बाइटांचा वेळ जातो तेव्हा तुमचे १,४४८ पोचतात, ९४.१ टक्के.

आता सगळं एकत्र करा. १०० मेगाबिटमधून पाकिटांचा खर्च गेला, उरले ९४.१ मेगाबिट. आठाने भागले, ११.७७ मेगाबाइट. विंडोजच्या हिशेबाने, ११.२२. हाच तो आकडा. शंभरची लाइन पूर्ण क्षमतेने चालली की कॉपीच्या खिडकीत ११.२ च्या आसपास दिसतं, आणि त्यापलीकडे ते जाणार नाही.

भागाकार करून निदान

जिथे जिथे दोन आकडे जुळत नाहीत, तिथे मोठ्याला लहानाने भागा. उत्तरच कारण सांगतं.

बरोबर ८ आलं तर फक्त बिट आणि बाइटचा फरक आहे. ८.४ च्या जवळ आलं तर बिट-बाइट आणि शिवाय १,०२४ चा हिशेब. ८.५ आलं तर बिट-बाइट आणि पाकिटांचा खर्च. ८.९ आलं तर तिन्ही एकत्र, आणि तक्रारींमध्ये सर्वांत जास्त वेळा येतं ते हेच. १.०५ किंवा १.०७ आलं तर दोन्ही बाजू बाइटच मोजतायत, एक हजाराने आणि दुसरी १,०२४ ने. १.०६ आलं तर बहुधा एक आकडा तारेचा आहे आणि एक फाइलचा. ही शेवटची तिन्ही उत्तरं इतकी जवळ आहेत की तिथे नुसत्या भागाकाराने ठरवू नका, आकडे कुठून आले ते आधी पाहा.

सोळा, वीस, चाळीस असं काही आलं, तर तो एककांचा घोळ नाही. खरोखर काहीतरी अडलं आहे. तेव्हा डिस्क, वायफाय, समोरचा सर्व्हर, किंवा हजारो बारीक फाइल एकेक करून कॉपी होत आहेत का, तिकडे वळा.

मी स्वतः स्क्रीनवरच्या वेगाच्या आकड्यावर निदान करत नाही. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंसात पूर्ण बाइट लिहिलेले असतात. ते घ्यायचे, घड्याळ लावायचं. १,०७,३७,४१,८२४ बाइट जायला ९१ सेकंद लागले, तर आठाने गुणा, ९१ ने भागा, दहा लाखांनी भागा: ९४.४ मेगाबिट. यात कोणाच्या 'एमबी'चा अर्थ लावावा लागत नाही.

आयपर्फ हे नेटवर्कचा वेग मोजणारं साधन वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. गिगाबिटच्या तारेवर दहा सेकंदांची चाचणी घेतली की आयपर्फ-३ ची शेवटची ओळ साधारण अशी येते: १.१० जीबाइट्स, ९४१ एमबिट्स प्रति सेकंद. कोणी चिकित्सकपणे पडताळायला जातो, १.१० ला आठाने गुणतो, दहाने भागतो, आणि ८८० येतात. मग "आयपर्फ चुकतंय" असा प्रश्न येतो. आयपर्फ बाइट १,०२४ च्या पटीने मोजतं आणि बिट १,००० च्या. एकाच ओळीत दोन मापं आहेत. १.१० ला १.०७३७ ने गुणून पाहा, दशांशातला थोडा फरक सोडला तर हिशेब जुळतो.

अकरा खरोखर वाईट असतात तेव्हा

आता दोषी अकराबद्दल. तुमच्या दोन्ही संगणकांची कार्डं गिगाबिटची आहेत, त्यांना जोडणारा स्विच गिगाबिटचा आहे, आणि कॉपी ११.२ ने होते आहे. कोणीतरी सांगतं, "अरे ते बिट-बाइटचं असतं, सोडून दे." सोडू नका. गिगाबिटवर कॉपीच्या खिडकीत ११२ च्या आसपास यायला हवेत. ११.२ म्हणजे तार १०० वर उतरली आहे.

याचं नेहमीचं कारण केबल. १०० मेगाबिटला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एका जोडीतला एक धागा कनेक्टरमध्ये नीट बसला नसेल किंवा कुठे दुमडून तुटला असेल, तर दोन्ही टोकं आपसांत बोलून १०० वर समाधान मानतात. दिवा लागतो, इंटरनेट चालतं, कुठेही लाल खूण येत नाही. लिनक्सवर ईथटूल ही आज्ञा चालवा, 'स्पीड'च्या पुढे १०००च्या जागी १०० दिसेल. विंडोजवर अडॅप्टरच्या (नेटवर्क कार्डाच्या) माहितीत लिंक स्पीड पाहा. मी एकदा असाच एक कनेक्टर भिंगाखाली धरला होता. तपकिरी जोडीतली पांढरी-तपकिरी तार टोकाच्या पितळी पात्याच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबली होती. कनेक्टर कापून नवा लावला, आणि कॉपी ११२ वर गेली. ती केबल आठ महिने तशीच वापरात होती, कारण प्रत्येकाने अकराचा आकडा पाहून बिट-बाइटचं उत्तर दिलं होतं. त्यात मीही होतो.

वेगमर्यादा लावताना

दुसरी चूक माझ्या हातून झाली ती जास्त महागात पडली, म्हणून नीट सांगतो. एका कामाच्या ठिकाणी संध्याकाळी बॅकअप बाहेर पाठवला जायचा. लाइन १०० मेगाबिटची. त्याच वेळी उशिराच्या पाळीतल्या लोकांचे कॉल तुटायचे, आवाज चिरका यायचा. मी लिनक्सच्या टीसी या आज्ञेने बॅकअपला २० मेगाबिटची मर्यादा घातली. रेटच्या पुढे २० आणि त्याला चिकटून 'एमबीपीएस' लिहिलं. काही फरक पडला नाही. दोन संध्याकाळी मी नियम तपासत बसलो, बॅकअपची पाकिटं योग्य वर्गात पडतात की नाही ते पाहिलं, ती पडत होती. तिसऱ्या संध्याकाळी टीसीलाच विचारलं, की तुझ्याकडे काय नोंदलं आहे. उत्तरात रेट १६० एमबिट.

टीसीमध्ये 'एमबिट' म्हणजे मेगाबिट आणि 'एमबीपीएस' म्हणजे मेगाबाइट प्रति सेकंद. त्याच्या माहितीपानात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. बाकीचं सगळं जग त्याच अक्षरांनी मेगाबिट म्हणतं, म्हणून मी ते पान उघडलंच नव्हतं. शंभरच्या लाइनवर १६० ची मर्यादा म्हणजे मर्यादाच नाही. तीन दिवस लोकांनी तुटके कॉल सहन केले ते आकड्यामागच्या एका प्रत्ययामुळे. तेव्हापासून मर्यादा लावली की ती यंत्राकडून परत वाचून घेतल्याशिवाय मी उठत नाही.

फाइल पाठवणाऱ्या किंवा उतरवून घेणाऱ्या प्रत्येक साधनाचं माप वेगळं आहे. २० मेगाबिटचीच मर्यादा हवी असेल तर आरसिंकच्या बीडब्ल्यूलिमिट या पर्यायाला २४४१ द्यावे लागतात, कारण प्रत्यय नसेल तर ते १,०२४ बाइटचं एकक धरतं. एससीपीच्या 'एल' या पर्यायाला साधारण २०००० द्यावे लागतात, ते किलोबिट मोजतं. डब्ल्यूगेट आणि कर्लच्या लिमिट-रेटला २५,००,००० द्यायचे, स्वल्पविराम न घालता, कारण नुसता आकडा तिथे बाइट असतो. एससीपीची सवय असलेल्या माणसाने आरसिंकला २०००० दिले तर मर्यादा जवळपास १६४ मेगाबिटची होते. विंडोजच्या रोबोकॉपीचा अहवाल आणखी निराळा: एका ओळीत बाइट प्रति सेकंद, खालच्या ओळीत मेगाबाइट प्रति मिनिट, आणि ते १,०२४ च्या हिशेबाने. सेकंदाला १,००,००,००० बाइट गेले तर खालची ओळ ५७२ दाखवेल. ६०० यायला हवे होते म्हणून घाबरू नका.

"किती वेळ लागेल?"

या प्रश्नात एककांची चूक सर्वांत जास्त नडते, कारण ती उत्तर देताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. विंडोजवर ५०० जीबी दिसणारा फोल्डर १०० मेगाबिटवरून न्यायचा आहे. घाईत हिशेब होतो: पाच लाख भागिले शंभर, पाच हजार सेकंद, दीड तासाच्या आत. आठ लक्षात राहिला तर अकरा तास. पण विंडोजचे ५०० म्हणजे प्रत्यक्षात ५३६.९ गिगाबाइट, आणि लाइन फाइलसाठी देते ९४.१ मेगाबिट. खरं उत्तर सुमारे पावणेतेरा तास. रात्री नऊला सुरू केलेलं काम सकाळी पावणेदहाला संपेल. सकाळी आठला लोक कामाला बसणार असतील, तर 'अकरा तास' सांगणाऱ्यानेही त्यांची अडचणच केली.

सतत चालणाऱ्या प्रवाहासाठी मी एक आकडा पाठ ठेवला आहे: एक मेगाबिट दिवसभर अखंड चालला तर १०.८ गिगाबाइट होतात. प्रत्येकी ४ मेगाबिटचे सोळा कॅमेरे म्हणजे ६४ मेगाबिट, म्हणजे रोजचे ६९१ गिगाबाइट. उलट बाजूनेही चूक होते. कॅमेऱ्याचा व्हिडिओ २०० मेगाबिटचा, आणि मेमरी कार्डावर व्ही-३० लिहिलंय, तर ते पुरणार नाही असं वाटतं. व्ही-३० म्हणजे किमान ३० मेगाबाइट प्रति सेकंद, आणि २०० मेगाबिट म्हणजे २५ मेगाबाइट. पुरतं.

दहाने भागायच्या जागा

सगळीकडे आठ चालत नाही. सिरियल पोर्टवर नेहमीच्या मांडणीत प्रत्येक बाइटच्या पुढे एक आणि मागे एक बिट जास्तीचा जातो, म्हणून ९,६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं, १,१५,२०० वर ११,५२० बाइट. यूएसबी ३.० आणि साटामध्ये (संगणकातली डिस्क जोडायची पद्धत) आठ बिट दहा बिटांत गुंफून पाठवले जातात, म्हणून ५ गिगाबिटचे ५०० मेगाबाइट आणि ६ गिगाबिटचे ६००. प्रत्यक्षात त्याहूनही कमीच मिळतात. यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिटचे कागदावर ६० मेगाबाइट होतात, पण डिस्क जोडली की तीस ते चाळीसच्या मधेच राहतात.

वायफायसाठी मात्र वरचा भागाकार वापरू नका. तिथे दिसणारा लिंक स्पीड, समजा ८६६ मेगाबिट, हा हवेतल्या लहरींचा दर असतो. हवा सगळ्यांची सामायिक, एका वेळी एकच बोलणार, प्रत्येक पाकिटाची पोच वेगळी. चांगल्या परिस्थितीत फाइलच्या वाट्याला निम्मे ते साठ टक्के येतात. वेगाची तक्रार तपासायची असेल तर आधी तार लावा.

मदत मागताना चार गोष्टी लिहा: फाइलचे पूर्ण बाइट, लागलेले सेकंद, दोन्ही टोकांचा लिंक स्पीड, आणि मध्ये वायफाय आहे की तार. स्क्रीनवरचा वेग सांगायचाच असेल तर त्याचा फोटो पाठवा, म्हणजे 'बी' लहान आहे की मोठा ते दिसेल.